आधी टाळी कुठे पडते ते ऐका

तुम्ही काय विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही पंचेचाळिशीचे, घरी नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी ऐकत वाढलेले. कॉलेजात जाणारी मुलगी गाडीत अमेरिकन गाणी लावते. परवा एक गाणं आवडलं म्हणून तुम्ही कौतुकाने म्हणालात, "छान आहे हे जाझ," आणि ती हसून म्हणाली, "बाबा, हे सोल आहे." मग ॲप उघडून बघितलंत, तर ब्लूज, जाझ, गॉस्पेल, कंट्री, रिदम अँड ब्लूज, सोल, फंक, रॉक, डिस्को, हिप-हॉप अशी मारुतीच्या शेपटासारखी यादी निघाली. आता तुम्हाला प्रत्येकाची दोन ओळींत व्याख्या हवी आहे, आणि सुरुवात कुठून करायची तेही.

व्याख्या देता येतील, पण त्या कामाला येणार नाहीत. ठुमरीची व्याख्या पाठ करून कुणाला ठुमरी ओळखता आली आहे का? दहा ठुमऱ्या कानावरून गेल्या, आणि "इथे बघ, बोल कसा फिरवलाय" असं कुणीतरी शेजारी बसून सांगितलं, म्हणून ती कळली. मी तीस वर्षं गिटार शिकवतोय, त्याआधी गोव्यात हॉटेलच्या बँडमध्ये काही सीझन काढले. त्या अनुभवावर मी फार तर हे शेजारी बसण्याचं काम करू शकतो.

थोडं तुमच्यावरही आहे. गाणं लागलं की ज्याचा कान आधी शब्दांकडे जातो, तो कंट्री आणि हिप-हॉपमध्ये लवकर रमतो. ज्याचा कान तबल्याकडे जातो त्याला फंक एका बैठकीत कळतो. राग ऐकणाऱ्याने जाझकडे जावं, पण एका ठरावीक दारातून. ते दार पुढे दाखवतो. आणि एक अगदी साधी गोष्ट: मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. त्यातून बेस, म्हणजे खर्जातला आवाज, येतच नाही, आणि या संगीताचा निम्मा जीव बेसमध्ये असतो. शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी बरे हेडफोन आणायला सांगतो, गिटार नंतर आणली तरी चालते.

आता त्या यादीबद्दल. माझ्या लहानपणी आमच्या पेठेतल्या कॅसेटच्या दुकानात एका फळीवर चिठ्ठी होती, "इंग्लिश". त्या फळीवर जिम रीव्हज, ॲबा, बोनी एम आणि मायकल जॅक्सन मांडीला मांडी लावून बसलेले. त्यातला रीव्हज टेक्ससचा कंट्री गायक, ॲबा स्वीडनचे, बोनी एम जर्मनीत जमवलेला गट, जॅक्सन सोलच्या घरातला. दुकानदाराचं काय चुकलं? त्याला गिऱ्हाईक पटकन फळीपाशी न्यायचं होतं. तुमच्या ॲपवरची नावंही बरीचशी अशाच फळीवरच्या चिठ्ठ्या आहेत. फरक इतकाच की त्या चिठ्ठ्या गिऱ्हाइकाच्या कातडीचा रंग बघून लावल्या गेल्या.

ऑगस्ट १९२० मध्ये ओके या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं एक ब्लूज रेकॉर्ड केलं. ते तुफान खपलं आणि कृष्णवर्णीय लोकही पैसे देऊन तबकड्या घेतात हे कंपन्यांना उमगलं. त्यांच्यासाठी वेगळी यादी निघाली, "रेस रेकॉर्ड्स", म्हणजे वंशाच्या नावाने काढलेल्या तबकड्या. तीन वर्षांनी त्याच कंपनीने अटलांटामध्ये जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवाल्याला, म्हणजे व्हायोलिनवाल्याला, रेकॉर्ड केलं. तेही खपलं, आणि दुसरी चिठ्ठी तयार झाली, "हिलबिली", म्हणजे डोंगरातले गावंढळ. पहिलीची पुढे रिदम अँड ब्लूज झाली. गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड साप्ताहिकाने १९४९ मध्ये ते नाव घेतलं, कारण "रेस" हा शब्द आता लिहायची लाज वाटू लागली होती. दुसरीचं झालं कंट्री.

वाजवणारे मात्र या भिंती फारशा मानत नव्हते. कंट्रीचा बाप म्हणतात तो जिमी रॉजर्स. १९३० मध्ये लॉस एंजेलिसला त्याने एक ब्लूज गायलं, आणि त्याच्या मागे ट्रम्पेट कोण वाजवतंय? लुई आर्मस्ट्राँग. जाझचा सर्वांत मोठा माणूस, कंट्रीच्या सर्वांत मोठ्या माणसामागे, ब्लूजवर. ही तबकडी कुठल्या फळीवर ठेवायची ते तुम्हीच ठरवा. कंट्रीचं ओळखीचं वाद्य बँजो, तेही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी भोपळ्याला कातडं ताणून आणि तारा लावून घडवलेल्या वाद्यांतून आलेलं आहे.

मग ओळखायचं कसं? मी तीन प्रश्न विचारायला शिकवतो. टाळी कुठे पडते? बेस काय करतोय? गायकाला उत्तर कोण देतंय? गायकाचा आवाज, भाषा, कपडे हे सगळं नंतर.

टाळीपासून सुरू करू. चार मात्रा धरा. आपण आरतीत टाळी देतो ती पहिलीवर आणि तिसरीवर. अमेरिकन संगीतात पाय पहिलीवर आणि तिसरीवर, आणि टाळी दुसरीवर आणि चौथीवर. ड्रमसेटमध्ये पायाने वाजतो तो मोठा ड्रम एक-तीनला, आणि डाव्या हाताचा स्नेअर, तो खणखणीत "चाट", दोन-चारला. याला बॅकबीट म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली टाळी ती हीच.

हे मला वाचून कळलं नाही. गोव्यातल्या पहिल्याच सीझनला मी हॉटेलात एका जुन्या रॉक अँड रोल गाण्यावर गिटार झोडत होतो, सगळा जोर पहिल्या मात्रेवर, अगदी आरतीच्या थाटात. समोर नाचणारी जोडपी अवघडली, दोन-तीन तर खुर्चीवर जाऊन बसली. आमचा बेसवाला साठीचा, जन्म बँडमध्ये गेलेला. गाणं न थांबवता माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पुता, पाय एकवर, टाळी दोनवर. तू वाजवतोस त्यावर हे लोक नाचणार नाहीत, कवायत करतील." त्या रात्री खोलीवर जाऊन मी दोन तास नुसता पाय आणि टाळी करत बसलो. तुम्हीही करून बघा. मुलीने लावलेल्या कुठल्याही गाण्यावर दोन-चारला टाळी द्या. पहिली पाच मिनिटं हात आपोआप समेकडे पळतात. ते पळायचे थांबले की अर्धं काम झालं.

आता ब्लूज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यादीतल्या निम्म्या नावांचं आजोळ हेच आहे. ब्लूज म्हणजे दुःखी गाणं असं सांगतात ते अर्धवट आहे. ब्लूज हे एक आवर्तन आहे. बारा बार, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं चक्र. पहिले चार बार षड्जाची कॉर्ड (म्हणजे त्या स्वरावर उभे केलेले, एकदम वाजणारे तीन-चार स्वर), मग दोन मध्यमाची, दोन षड्जाची, मग एक पंचमाची, एक मध्यमाची, शेवटचे दोन पुन्हा षड्जाला. याच्यात किरकोळ फेरफार असतात, पण सांगाडा हा. त्यावर शब्द असे बसतात: एक ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची, आणि तिसरी ओळ तिला उत्तर देणारी. प्रत्येक ओळ चार बारांची जागा घेते, पण गायक साधारण दोन बारांत ती संपवतो. उरलेल्या दोन बारांत गिटार बोलते. म्हणजे आपल्याकडे गायकाने ओळ सोडली की हार्मोनियमवाला ती उचलून फिरवतो, तसंच.

दुसरी खूण गंधाराची. ब्लूजचा गायक कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी स्वर लावतो. पियानोवर ती जागाच नाही. म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम किंवा एकीवरून दुसरीवर घसरत वाजवतात, आणि गिटारवाले तार ओढतात किंवा तारेवर बाटलीची मान घासतात. निषादाचंही असंच. मींड आणि आंदोलन ऐकलेल्या तुमच्या कानाला हे लगेच सापडेल. माझ्या पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना महिने लागतात.

मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत हे एकटा माणूस साध्या गिटारवर गात असे. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये एकूण एकोणतीस गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये तो वारला; तेवढ्यावर पुढची तीन पिढ्यांची गिटार उभी आहे. मग लोक उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले. १९१० ते १९७० या काळात साठेक लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून गेली. त्यातला एक ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला पोचला. तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार कुणाला ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची घेतली. सोबत ड्रम, बेस, माइकमध्ये तोंड खुपसून वाजवलेला माउथ ऑर्गन. संगीत बदललं ते गोंगाटामुळे! गणपतीत वाजवलेल्या कुठल्याही माणसाला यात नवल वाटणार नाही.

जाझचं गाव न्यू ऑर्लिन्स. बंदर, लष्करी बँडची जुनी पितळी वाद्यं, मिसळलेली माणसं. जाझ ओळखायच्या दोन खुणा. एक, लयीचा झोल: एका मात्रेचे तीन तुकडे करा आणि मधला गिळा. झांजेवर "टिंग, टिंग-टटिंग, टिंग-टटिंग" असं ऐकू येतं, आणि खाली बेस चारही मात्रांवर एकेक स्वर टाकत चालत राहतो. याला स्विंग म्हणतात. दुसरी खूण, लेहऱ्याची. तबल्याच्या सोलोत हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो आणि तबलजी त्यावर फिरतो. जाझमध्ये गाण्याच्या कॉर्ड्सचं चक्र हाच लेहरा. चाल एकदा वाजवली की सॅक्सोफोनवाला तिला सोडून देतो, पण खालचं चक्र तसंच फिरत असतं आणि तो त्यावर तिथल्या तिथे रचत जातो. चक्र बत्तीस बारांचं असलं तर दर बत्तीस बारांनी सम येतेच. ती सापडली की जाझ "अगम्य" राहत नाही.

आणि ते दार: ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा १९५९ चा "काइंड ऑफ ब्लू" हा अल्बम. त्यातलं पहिलं वादन तुम्ही डोळे मिटून ऐका. सोळा बार एकाच स्वरमेळात आहेत, आणि ते स्वर म्हणजे आपला काफी थाट. मग आठ बार तोच थाट अर्ध्या स्वराने वर सरकतो, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्सचा कंटाळा आला म्हणून या लोकांनी एका मेळावर रेंगाळायचं ठरवलं. रागदारीच्या श्रोत्याला त्यामुळे घरच्यासारखं वाटतं. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करकडे मात्र पहिल्या महिन्यात जाऊ नका. तो थोर आहे, पण ते द्रुत लयीतल्या तानांपासून गाणं ऐकायला सुरुवात करण्यासारखं होईल.

स्विंग तुम्ही लहानपणापासून ऐकलेला आहे, नाव माहीत नव्हतं एवढंच. मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आले. चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाणारा ट्रम्पेटवाला सी. रामचंद्रांकडे वाजवायचा. आपल्या पुणतांब्याच्या अण्णांनी, म्हणजे याच रामचंद्रांनी, १९५७ मध्ये "ईना मीना डीका" केलं, तेव्हा अमेरिकेत रॉक अँड रोलची धामधूम सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

कंट्री ओळखायला सगळ्यांत सोपं. बेस "सा" वाजवतो, गिटार "चक" करते, बेस "प" वाजवतो, गिटार "चक". धूम-चक, धूम-चक. त्यावर फिडल, बँजो, किंवा लांबवर रडणारी स्टील गिटार. जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार आठवा, तिचीच ही बहीण. गायक नाकातून, सरळ, गोष्ट सांगितल्यासारखं गातो. शब्द प्रत्येकाला कळलेच पाहिजेत हा नेम. यात मला एक गोष्ट फार आवडते. जॉनी कॅशकडे सुरुवातीला ड्रमवाला नव्हता. कंट्रीच्या मंडळींना ड्रमचं तेव्हा वावडंच होतं. त्याने गिटारच्या तारांमध्ये कागद खोचला, आणि तारा छेडल्या की स्नेअरसारखा "छक" आवाज यायला लागला. मी वर्गात दहाची नोट घडी करून तारांत अडकवतो आणि हे वाजवून दाखवतो. मुलं ड्रमवाला शोधायला मागे वळून बघतात.

आता जिथे दोन फळ्या एकमेकींवर कोसळल्या ती जागा. जुलै १९५४, मेम्फिसचा सन स्टुडिओ. एल्व्हिस प्रेस्ली एकोणीस वर्षांचा, पोटासाठी ट्रक चालवणारा. त्याच्या पहिल्या तबकडीच्या एका बाजूला आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचं ब्लूज आहे. दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास, म्हणजे कंट्रीतला डोंगरी, बँजो-फिडलचा प्रकार. मन्रोचं मूळ गाणं तीन मात्रांचं, आपल्या दादऱ्यासारखं डुलणारं. एल्व्हिसने त्याचा केरवा केला आणि लय वाढवली. ब्लूजला कंट्रीची धूम-चक आणि कंट्रीला ब्लूजचा ताव, दोन्ही एकाच चकतीवर. पुढच्या वर्षी शिकागोत बरोबर उलटं झालं: चक बेरी या कृष्णवर्णीय गिटारवाल्याने एका जुन्या कंट्री गाण्याच्या साच्यावर "मेबलीन" बेतलं. ही दोन माणसं पाठोपाठ ऐका. रॉक अँड रोल म्हणजे काय हे मला कधी कुणाला याहून जास्त समजवावं लागलेलं नाही.

त्यानंतरचा रॉक मी भराभर उरकतो, त्याच्यावर तुमची मुलगीच तुम्हाला जास्त सांगेल. इंग्लंडच्या पोरांनी शिकागोचं ब्लूज तबकड्यांवरून घोकलं. रोलिंग स्टोन्सनी तर आपलं नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले आणि अमेरिकेला तिचाच माल नव्या वेष्टनात परत मिळाला. १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकगीतवाल्यांतल्या काहींनी हुर्यो केली. मेटल, पंक, ग्रंज ही पुढची नातवंडं. खूण एकच धरा: विजेच्या गिटारवरची एक छोटी, पुन्हा पुन्हा येणारी स्वराकृती, जिला रिफ म्हणतात, तीच गाण्याचा मुखडा असल्यासारखी वागत असेल, तर ते रॉक.

आता तुमचं सोल. त्यासाठी चर्चमध्ये जावं लागेल. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीय चर्चचं भक्तिगीत: एक गायक ओळ टाकतो आणि मागचे सगळे ती झेलतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, तसेच. गंमत अशी की गॉस्पेलचा जनक मानला जाणारा थॉमस डॉर्सी आधी "जॉर्जिया टॉम" या नावाने चावट ब्लूज वाजवत होता. नंतर तो देवाकडे वळला आणि ब्लूजची वळणं सोबत घेऊन गेला. १९५४ मध्ये रे चार्ल्सने उलटी वाट धरली. येशूवरच्या एका गॉस्पेल गाण्याचा ढंग घेऊन त्याने आपल्याला बाई कशी छान मिळाली आहे हे गायलं. अभंगाच्या चालीत लावणी लिहिली तर आळंदीत काय होईल? तेच तिकडे झालं. धर्मनिष्ठ माणसं खवळली आणि गाणं धो धो चाललं. सोल इथून निघालं: आवाज, झील, हुंकार, टाळी सगळं चर्चचं, आणि विषय संसाराचा. अरीथा फ्रँकलिन पाद्र्याची मुलगी, तिच्या आवाजात हे सगळं एका श्वासात मिळतं.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने याच सोलला इस्त्री केली. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन ती काढली. त्याआधी तो मोटारीच्या कारखान्यात कामाला होता, आणि गाणीही त्याने तशीच जोडणीच्या पट्ट्यावरून उतरवली: लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. मी वाजवणाऱ्यांच्या जातीचा, म्हणून जेम्स जेमर्सनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याने उजव्या हाताच्या एका बोटाने बेस छेडून शेकडो गाणी उभी केली आणि वर्षानुवर्षं तबकडीवर त्याचं नाव छापलं गेलं नाही. मोटाउनचं कुठलंही गाणं हेडफोनवर लावा आणि एकदा गायकाला विसरून फक्त खालचा बेस ऐका. तिथे दुसरं गाणं चाललेलं असतं.

इथे एक घोळ निस्तरतो. "आर अँड बी" हे नाव तुम्हाला १९५० च्या गाण्यांवरही दिसेल आणि आजच्याही. दोन्हींत फार साम्य शोधू नका. जुनं म्हणजे नाचायला लावणारं, सॅक्सोफोनवालं, रॉक अँड रोलचं लगतचं भावंड. आजचं म्हणजे मऊ, हरकती घेत गायलेलं, खाली हिप-हॉपचा ठेका. चिठ्ठी तीच राहिली, माल बदलला.

फंक तुम्हाला सगळ्यांत जवळचा वाटेल असा माझा अंदाज आहे. इतका वेळ मी टाळी दोनवर म्हणत होतो. जेम्स ब्राउनने १९६५ च्या सुमाराला बँडला उलट दम भरला: पहिल्या मात्रेवर सगळे एकदम या. तो तिला "द वन" म्हणायचा, आपण सम म्हणतो. समेवर ठोसा, आणि मधल्या जागेत प्रत्येकाने आपला छोटा तुकडा अडकवायचा: गिटारचं चिक-चिक, ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, एक फटकारा, बेसचे तीन स्वर. कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. चाल गौण, सगळी वाद्यं तालवाद्यं. ढोल-ताशा पथकात उभा राहिलेला माणूस फंक ऐकून लगेच हसतो.

हिप-हॉप थेट या फंकमधून निघालं. ११ ऑगस्ट १९७३, न्यू यॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, १५२० सेजविक अव्हेन्यू ही इमारत. जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क आपल्या बहिणीने ठेवलेल्या पार्टीत तबकड्या लावत होता. त्याने पाहिलं होतं की गाण्यात इतर वाद्यं थांबून नुसते ड्रम उरतात, त्या काही सेकंदांची नाचणारे वाट बघतात. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. तो त्याच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावायचा. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. दहा सेकंदांचं मग कितीही लांबवता येतं. त्यावर माइक घेऊन यमकं जुळवत बोलणं आलं, ते रॅप. म्हणजे रॅप हा हिप-हॉपचा एक भाग. मुलीसमोर हे दोन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरू नका, ती पुन्हा हसेल.

जेम्स ब्राउनच्या १९७० च्या "फंकी ड्रमर" या तबकडीत क्लाइड स्टबलफील्डचा काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा आहे. तो कापून, चिकटवून शेकडो रॅप गाण्यांचा ठेका झाला आणि वाजवणाऱ्याच्या हातात जवळपास काही पडलं नाही. जेमर्सनचीच गोष्ट, वीस वर्षांनी. पुढे १९८० मध्ये निघालेलं रोलंडचं ८०८ हे जपानी ठेका-यंत्र फारसं चाललं नाही, म्हणून जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि या पोरांच्या हाती लागलं. त्याचा लांब घुमणारा खर्जातला ठोका आजच्या गाण्यांत छातीत जाणवतो. मी हेडफोनचा हट्ट का धरला ते आता कळेल.

डिस्कोला एक ओळ पुरे: मोठा ड्रम चारही मात्रांवर, धम धम धम धम, मिनिटाला एकशेवीसच्या आसपास. त्यातूनच शिकागोत हाउस निघालं आणि आज लग्नाच्या हॉलमध्ये डीजे जे लावतो त्याचा पाया तिथे आहे. पॉप हा मी वेगळा प्रकार धरतच नाही. मायकल जॅक्सनचा १९८२ चा "थ्रिलर" घ्या: गळा मोटाउनमध्ये तयार झालेला, ठेका बऱ्याच ठिकाणी डिस्कोतला, आणि एका गाण्यात रॉकमधल्या एडी व्हॅन हेलनचा गिटार सोलो.

फळ्यांची भांडणं मात्र मिटलेली नाहीत. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचं घोडा, टोपी आणि ८०८ चा ठेका असलेलं गाणं बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढलं, पुरेसं कंट्री नाही म्हणून. तेच गाणं मुख्य यादीत एकोणीस आठवडे पहिलं राहिलं. २०२५ मध्ये बियॉन्सेच्या अल्बमला कंट्रीचं ग्रॅमी मिळालं तेव्हाही किती लोकांच्या पोटात दुखलं! त्या अल्बममध्ये बँजो वाजतो, आणि तो कुणाचा हे मघाशी सांगितलंच.

आता सुरुवात. पहिला आठवडा फक्त मडी वॉटर्स, आणि बोटांवर बारा बार मोजायचे. पेरांवर मात्रा मोजायची सवय असेलच. दुसऱ्या आठवड्यात एल्व्हिसची ती पहिली तबकडी आणि चक बेरी. तिसऱ्यात रे चार्ल्स आणि अरीथा, मग जेम्स ब्राउन. माइल्स डेव्हिस रात्री, जेवणं झाल्यावर, दिवे कमी करून. कंट्री प्रवासात ऐका, जिम रीव्हजपासून सुरू केलंत तरी चालेल, आमच्याकडे सगळ्यांनी तिथूनच केलं. हिप-हॉपला मुलीला बसवा आणि शब्द तिला समजावून सांगू द्या.

आणि तुम्हाला जाझ वाटलेलं ते गाणं कोणतं, ते तिला विचारून कळवा. तोवर त्यात दोन-चारला नुसता स्नेअर वाजतोय की माणसं टाळ्या देतायत, आणि गायिकेला उत्तर ब्रास देतंय की मागच्या बायका, एवढं ऐकून ठेवा. पुढचं बोलणं तिथून सुरू करू.